मातीवरचे वीस गुण मॅटवर किती?

भातं कापून झाली, मळे सुकले की रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत रात्रीच्या कबड्डीला तोंड फुटतं, ते थेट मे अखेरपर्यंत. खेळणाऱ्यांत निम्मी पोरं कॉलेजातली. तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे चांगल्या गड्याची वाट ठरलेली असते: कॉलेज, मग विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ. २०२२ च्या प्रो कबड्डी लिलावाच्या यादीत बंगळुरूच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या पहिल्या दोन संघांचे २४ खेळाडू घेतले होते. म्हणजे कॉलेजच्या कबड्डीकडे वरून कोणी बघत नाही, ही तक्रार आता जुनी झाली. प्रश्न आहे तो खालून बघणाऱ्यांचा. मंडळाचे कार्यकर्ते, कॉलेजचे क्रीडाशिक्षक, गावचे माजी खेळाडू पोराची शिफारस करतात ती एका वाक्यात: ‘काल वीस गुण मारले.’

त्या वीस गुणांची आधी फोड करावी लागते.

समजा, पोराने २४ चढायांत २० गुण मिळवले. गुणलेखकाने लोणाचे (समोरचा सगळा संघ बाद केल्याचे) दोन गुण त्याच्याच नावावर चढवले असतील तर ते काढा, ते संघाचे. उरले १८. त्यात बोनस किती? ६ धरा. बोनस समोर सहा किंवा सात गडी असतील तरच मिळतो, आणि तोही एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत असेल तर. मातीच्या मैदानावर फक्कीच्या रेषा पहिल्या डावाच्या मध्यालाच पुसट होतात. पंच अंदाजाने हात वर करतो, आणि यजमान गावचा गडी असला तर अंदाज जरा उदार होतो. लीगमध्ये रिव्ह्यू घेतला की पाय कॅमेऱ्यात दिसतो. मातीवरच्या सहा बोनसपैकी तीन-चार धरावेत, असा माझा हिशेब. मग समोर दोन-तीनच गडी उरले असताना मिळवलेले गुण वेगळे करा. तिथे बचाव करणाऱ्यांची हात धरलेली साखळी मोडलेली असते, आणि गावच्या संघात शेवटी उरतात ते बहुधा कच्चे गडी. तेही ६ निघाले तर भरल्या मैदानावर, सहा-सात जणांसमोर, हाताने किंवा पायाने टिपलेले गुण उरतात सहाच. त्याच २४ चढायांत तो पाच वेळा पकडला गेला असेल तर हा गडी अजून तयार नाही, वीस गुण असोत की तीस.

सामन्याच्या गुणांऐवजी दर चढाईमागचे गुण काढायचं आणखी एक कारण आहे. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची, म्हणजे पूर्ण वेळ वापरली तरी दोन्ही संघांच्या मिळून ऐंशीएक चढाया होतात. पण एका रात्रीत वीस-बावीस सामने उरकायचे असले की आयोजक डाव पंधरा मिनिटांचा करतात, कधी दहाचा. दहा मिनिटांच्या डावातले नऊ गुण आणि वीस मिनिटांच्या डावातले नऊ गुण एकाच वहीत एकाखाली एक लिहिण्यात अर्थ नाही. स्पर्धा खुल्या गटाची की तालुका मर्यादित, समोरच्या संघात मुंबईहून आणलेले गडी होते का, तिसऱ्या चढाईचा नियम (दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर गडी बाद) लावला होता का, हेही त्याच ओळीत लिहायचं.

वहीची ओळ साधी ठेवा. घड्याळात किती वाजले, समोर किती गडी, तिसरी चढाई होती का, कोणत्या बाजूने शिरला, कशाने गुण घेतला, किती सेकंद आत होता. ‘१२:४०, समोर ६, तिसरी नाही, उजवीकडून, हात, १ गुण, १८ सेकंद.’ अशा ६०-७० ओळी झाल्या की पोराचं खरं रूप दिसतं. एका सामन्यावरून मत बनवू नये, एका रात्रीवरून तर नाहीच. फक्त एक अपवाद: रात्रीचा तिसरा सामना, पहाटे तीन वाजता. तो मात्र आवर्जून बघा. पहिल्या सामन्यात सगळेच वाघ असतात. दमलेला गडी मध्यरेषेकडे परतताना पाठ फिरवतो, आणि पाठ फिरवलेल्या चढाईपटूला मागून कंबरेत धरणं हे कव्हरच्या, म्हणजे बचावफळीत मधल्या बाजूला उभ्या असलेल्या गड्याचं रोजचं काम आहे.

चढाई बघताना नजर हातावर जाते, ती पायावर ठेवायला लागते. चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, बोनस रेषा त्याच्या पुढे एक मीटर. निदान रेषा ओलांडताना वजन कुठल्या पायावर आहे? पुढच्या पायावर पूर्ण भार टाकून हात लांबवणारा गडी मातीवर निभावून जातो, कारण माती सुटी असते, पाय दोन बोटं घसरतो आणि तेवढ्यात तोल सावरतो. मॅटवर बूट घट्ट बसतो. भार पुढे असेल तर पाय निघतच नाही, आणि जबरदस्तीने वळला तर गुडघा वळतो. मातीतून मॅटवर गेलेल्यांची पहिल्या हंगामातली गुडघ्याची दुखणी बरीचशी इथूनच येतात. म्हणून ज्या पोराने आयुष्यात मॅट पाहिलेली नाही त्याची शिफारस करण्याआधी त्याला निदान सहा-आठ आठवडे बूट घालून मॅटवर खेळवा. पावसाळ्यात मैदानं बंद असतात, हॉलमध्ये मॅट टाकलेली असते, तोच काळ त्यासाठी बरा.

दुसरी खूण म्हणजे स्पर्श झाल्यानंतरची हालचाल. हात लागला की चढाई संपली असं मानणारे खूप, पण खरी चढाई तिथून सुरू होते, कारण अजून चार मीटर परत यायचं असतं. जो हात लावता लावताच मागचा पाय मध्यरेषेकडे वळवून ठेवतो त्याला शिकवणारा कोणीतरी भेटलेला आहे, किंवा त्याला ते उपजत आहे. दोन्ही चालेल. डुबकी (साखळीखालून निसटणं) आणि हनुमान उडीवर (गड्यांवरून उडी) शिट्ट्या पडतात, व्हिडिओही त्यांचेच फिरतात. वहीत मात्र त्यांना वेगळा रकाना करू नये. वाचला की सापडला, एवढंच लिहावं.

अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलच्या कॉलेज खेळाडूंची निवड होण्याआधी इंडियानापोलिसला मोठी चाचणी भरते. ४० यार्ड पळणं, २२५ पौंडांची सळी छातीवरून किती वेळा उचलतो ते मोजणं, असले प्रकार. ४० यार्डांच्या आकड्यावर तिकडे फार चर्चा होते, तरी २००० साली ५.२८ सेकंद लावणारा, १९९ व्या क्रमांकावर उचललेला टॉम ब्रेडी पुढे सात वेळा विजेता झाला. आपल्याला त्या ४० यार्डांचा काडीचा उपयोग नाही, कबड्डीत सलग ३६ मीटर कोण पळतो? त्यांची दुसरी एक चाचणी मात्र जणू आपल्यासाठीच केलेली आहे. मधून सुरुवात, एका बाजूला ५ यार्ड, वळून दुसऱ्या बाजूला १०, परत ५. पाच यार्ड म्हणजे ४.५७ मीटर. आपली बोनस रेषा मध्यरेषेपासून ४.७५ वर. फरक वीतभरही नाही! मॅटवर पट्ट्या चिकटवून ही चाचणी घ्या. तीनदा उजवीकडून, तीनदा डावीकडून. एकूण वेळेपेक्षा दोन बाजूंमधला फरक जास्त बोलतो. एका बाजूला वळताना सतत मागे पडणारा गडी एक तर त्या पायाचं जुनं दुखणं लपवतोय किंवा एकाच बाजूने खेळायला शिकलाय.

दमाची चाचणी त्याहून सोपी. ३० सेकंद मोठ्याने ‘कबड्डी’ म्हणत पुढेमागे हालचाल, ४५ सेकंद थांबा, असं आठ वेळा. सातव्या-आठव्या वेळी आवाज कुजबुजीवर आला की पंच तो दम धरणार नाही. दम मध्यरेषेच्या आधी सुरू होतो की नंतर, तेही इथेच कळतं. गावच्या स्पर्धेत यावर कोणी शिट्टी वाजवत नाही, त्यामुळे ही खोड वर्षानुवर्षं तशीच राहते.

आता कोपरा, म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभा राहणारा गडी. आपल्याकडची पोरं चढाईच्या मागे लागतात, पण कोकणातून वर पाठवण्यासारखा माल, माझ्या मते, कोपऱ्यात जास्त आहे. चिंचोळ्या, ओबडधोबड मैदानांवर वाढलेल्या पोरांना घोटा पटकन दिसतो. तरी घोटा पकड मोजताना यशस्वी पकडींच्या शेजारी एकूण प्रयत्न लिहा. चार पकडी ही बातमी झाली, पण अकरा प्रयत्नांत चार म्हणजे सात गुण समोरच्याला दिले. मग पकडीचा दर्जा. झेप घेताना डोकं वर आहे का, नजर घोट्यावर आहे की डोळे मिटलेत? दोन्ही हात घोट्यामागे जुळतात का? पकडल्यावर पाय स्वतःच्या छातीकडे ओढतो की नुसता धरून पडून राहतो? पडून राहणाऱ्याची पकड मे महिन्यातल्या घामाने सुटते. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत सुटलेल्या पकडीला नशीब म्हणायची पद्धत आहे, पण ती पकड मुळात एका हाताची होती का ते बघा. आणि झेप लवकर घेतली म्हणजे चूक असंही नाही. चढाईपटूचा पाय जमिनीवर टेकून त्यावर भार आला त्या क्षणी घेतलेली झेप बरोबर, पाय उचलला जात असताना घेतलेली चूक. हे फक्त मंद गतीच्या व्हिडिओत दिसतं.

कोपऱ्यातल्या गड्याचा मागचा पाय सारखा शेवटच्या रेषेवर जातो का, हेही टिपा. नुसत्या हुलकावणीने रेषेबाहेर जाऊन बाद होणारे गडी गावोगाव आहेत. लॉबीचंही, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या राखीव पट्ट्यांचंही तेच. झटापट सुरू होण्याआधी राखीव क्षेत्रात पाय पडला की गडी बाद, आणि मातीवर ती रेषाही पुसलेलीच असते. संघात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना हाच कोपरा काय करतो, त्यासाठी वेगळं पान ठेवा. अव्वल पकडीला दोन गुण आहेत म्हणून अधाशीपणे झेपावणारा वेगळा, साथीदाराची वाट बघून चढाईपटूला आत खेचणारा वेगळा.

कव्हरच्या गड्याबद्दल थोडक्यात सांगण्यासारखं आहे. धडक खांद्याने आणि कंबरेतून यायला हवी. नुसत्या हातांनी ढकललेला चढाईपटू बऱ्याचदा मध्यरेषेवरच जाऊन पडतो. इथे वजन लागतं. वरिष्ठ गटाची मर्यादा ८५ किलो आहे आणि लीगमधले बरेच चढाईपटू तिच्या आसपास. ६२ किलोचा कव्हर तालुक्यात राजा असेल, वर तो साखळीतला दुवा म्हणूनच चालेल. वजन दोन वर्षांत वाढवता येतं, धडकेची वेळ साधणं मात्र विशीनंतर शिकवायला जड जातं. म्हणून वेळ साधणारा हलका गडी टाकून देऊ नये, ‘वजन कमी’ असं स्पष्ट लिहून पाठवावा.

दुखापतींबद्दल पोरं खरं सांगत नाहीत. खांदा किती वेळा निखळला, हा प्रश्न आईला किंवा संघातल्या मित्राला विचारा. पहिल्यांदा निखळला तेव्हा हाडवैद्याकडे बसवून आठ दिवसांत पुन्हा मैदानात, ही आपल्याकडची रीत, आणि मग तो खांदा प्रत्येक ब्लॉकला सैल होतो. एका पायावर लांब उडी घ्यायला लावा, दोन्ही पायांची. दुखरा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांहून कमी पडला तर आधी फिजिओ, मग बाकी सगळं. जिममधल्या बिनलेबलच्या पावडरी आजच बंद करा. नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या) चाचणीत काही सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटता येत नाही. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधारवरची जन्मतारीख एकच आहे ना, तेही आत्ताच तपासा. लिलावाच्या तोंडावर तहसीलच्या फेऱ्या मारून काही होत नाही.

हे सगळं इतकं बारीक का बघायचं, तर वर जागा अरुंद आहे. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाकडे ५ कोटी होते आणि त्यात १८ ते २५ गडी बसवायचे होते. मूळ किंमत अ गटाला ३० लाख, ब ला २०, क ला १३, ड ला ९. तेलुगू टायटन्सने एकट्या पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. उरलेल्या पैशात जी नवी पोरं घेतली जातात ती ‘ऑलराउंडर’ म्हणून नव्हे, एका ठराविक कामासाठी. तिसरी चढाई मारणारा, डाव्या कोपऱ्याला पर्याय, शेवटच्या पाच मिनिटांत आघाडी राखणारा. सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि पुढच्याच लिलावात त्याची बोली १ कोटी ४५ लाखांवर गेली, हे खरं आहे. पण अशी उडी मारणारा शंभरात एखादा. बाकीच्यांच्या शिफारशीत एक काम नेमकं लिहिलेलं असावं: ‘उजवा कोपरा, घोटा पकड, भरल्या मैदानावर ३८ प्रयत्नांत २१.’ याने वाचणाऱ्याचं काम होतं. ‘सर्वगुणसंपन्न, होतकरू’ याने होत नाही.

व्हिडिओ पाठवायचा तो मैदानाच्या शेवटच्या रेषेमागून, स्टुलावर उभं राहून, फोन आडवा धरून आणि झूम न करता. बाजूने घेतलेल्या थेट प्रक्षेपणात कोपऱ्याचे पाय पुढच्या गड्यांनी झाकले जातात. डीजे आणि समालोचन असेल तर आवाज काढू नका, दम ऐकू यायला हवा. सहा-सात मिनिटं पुरेत. सुरुवातीला नाव, उंची, वजन, जागा. मग दहा चांगल्या चढाया किंवा पकडी सलग, मध्ये गाणं न घालता, प्रत्येक वेळी समोर किती गडी होते ते कोपऱ्यात लिहून. आणि शेवटी चार फसलेल्या. निवडणारा माणूस त्या चारच पुन्हा मागे नेऊन बघतो.