चार आणि चारा

आज शेजारच्या भाभींना मराठी शिकवताना अडले. त्या मूळच्या पाटण्याच्या. 'चार पोळ्या' आणि 'गुरांचा चारा' यांतले दोन च मी दहादा म्हणून दाखवले. त्या जिवाचा कान करून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ताई, दोन्ही सारखेच आहेत की!"

त्यांना खरंच फरक ऐकू येत नव्हता. लिपीतही दोन्हींना अक्षर एकच, मग पुस्तक तरी काय सांगणार?

कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी 1984 मध्ये दाखवलं होतं, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले त आणि ट वेगळे ऐकू येतात, पण वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचं ते ऐकणं मावळतं. कान आपल्या भाषेला वाहून घेतो. पण कायमचा बंद होत नाही. वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकला, तर मोठेपणीही फरक कळू लागतो.

म्हणून आईला, भाच्याला, दूधवाल्या काकांना 'चार, चारा' म्हणायला लावून फोनवर रेकॉर्ड केलं. भाभींनी डोळे मिटून ऐकलं. काकांच्या 'चारा'ला त्यांची जीभ नकळत वरच्या दातांमागे गेली. "हा वेगळा आहे," त्या हळूच म्हणाल्या. मला भरून आलं.

उद्या 'माझा' आणि 'माझी'.