नकाशावर बोट फिरवायला काय जातंय!

आजची अख्खी सुट्टी जमिनीवर नकाशा पसरून गेली. दहा दिवस, तिघं जण, एक गाडी आणि बहुतेक सगळे कच्चे रस्ते. वाटलं होतं, तासाभरात उरकेल.

पहिला ब्रेक डिझेलने लावला. दोन पंपांमधलं अंतर ४२० किलोमीटर. डांबरी रस्त्यावर गाडी लिटरला १२ देते, म्हणजे ३५ लिटर. टाकी ६० ची. झालं की! तेवढ्यात सोबत येणाऱ्या मित्राचा फोन. "अरे, वाळूत लो गियरला सहा धर." म्हणजे ७० लिटर. आणि पुढे रस्ता वाहून गेलेला असला तर उलट फिरायला काय, धक्का मारणार? त्यामुळे २० लिटरचे दोन कॅन आले. भरलेला एकेक कॅन सतरा किलोच्या पुढे. टपावर ठेवावेत म्हटलं तर आडव्या उतारावर गाडी कलंडायची भीती. गेले आत, माझी कपड्यांची बॅग निम्मी झाली. पाणी अजून मोजलेलंच नाही.

संध्याकाळी हवा भरायचा पंप काढून बघितला. वाळूत टायरची हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही, इथवर पाठ आहे. पण कडक रस्ता लागला की ती परत भरावी लागते, आणि आमचा पंप ढिम्म! फ्यूज उडालेला. घरच्या घरी कळलं म्हणून हसतोय.

रात्रीचे अकरा वाजले. नकाशावर आम्ही अजून दुसऱ्याच मुक्कामावर आहोत.