बुधवारी, माहीमला

माहीमच्या चर्चमधून नोव्हेनाची, म्हणजे दर बुधवारची खास प्रार्थना आटोपून निघालो, तर शेजारच्या मावशी स्टेशनकडे न वळता थेट भाजीवाल्यासमोर. रुमालाची गाठ सोडून पन्नासच्या दोन चुरगळलेल्या नोटा त्याच्या हातावर ठेवल्या. "परवा शंभर जास्त दिलेस. कळलं होतं मला, तरी गप्प राहिले."

"राहू द्या हो मावशी."

"फादरकडे कन्फेशन केलंय रे. पण पैसे तर तुझे होते ना?"

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या 19व्या अध्यायातला जकातदार जक्कयसुद्धा नुसता पस्तावून थांबला नाही. लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला, आणि मगच येशूने या घराला तारण मिळालं असं सांगितलं.

पश्चात्ताप म्हटला की आपल्याला गुडघे टेकणं आठवतं. बाजारात परत जाणं किती जणांना आठवतं?