जपानी सेकंडहँड गाडीचं खरं वय कसं ओळखायचं

जपानमधून आलेली जुनी गाडी बघताना लोक आधी १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, शोधतात आणि तो सापडला नाही की गोंधळतात, पण जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला तो नसतोच, तिथे फ्रेम नंबर असतो. उदाहरणार्थ एनझेडई१२१, मग एक छोटी आडवी रेघ आणि पुढे सिरीयल नंबर. रेघेच्या आधीचं मॉडेल सांगतं: एनझेड हे इंजिन, ई म्हणजे कोरोला. वर्ष मात्र त्यात थेट लिहिलेलं नसतं.

कागदावरचं वर्षही नीट बघा हं, कारण तिथे बऱ्याचदा जपानी सन असतो, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे मोजलेलं वर्ष; हेसेई आणि रेवा ही त्या कारकिर्दींची नावं. हेसेई १५ असेल तर १९८८ मिळवा, म्हणजे २००३, आणि रेवा असेल तर २०१८ मिळवायचे. आणि ही तारीख असते पहिल्या रजिस्ट्रेशनची, गाडी बनली त्याची नाही! मी एकदा विकणाऱ्याच्या शब्दावर गेलो आणि फसलो, तेव्हापासून सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून तळाशी शिवलेली पट्टी बघतोच, तिच्यावर बहुतेक वेळा बेल्ट बनल्याची तारीख असते. सगळे बेल्ट बघा, एकच वेगळा निघाला तर तो का बदलला ते विचाराच.