बदलापूर पश्चिमेत फ्लॅटचा खरा भाव काढताना

बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूला वन बीएचके घ्यायचं ठरवलं तेव्हा पहिली अडचण भावाचीच आली. जाहिरातीतला आकडा म्हणजे मागितलेला भाव. फ्लॅट प्रत्यक्षात कितीला गेला हे सूची दोनमध्ये, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या इंडेक्स टूमध्ये (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात) सापडतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर ती मोफत बघता येते.

त्यासाठी मौजे, म्हणजे सरकारी नोंदीतलं गाव, आणि जमिनीचा सर्व्हे नंबर हाताशी हवा. आपण सरसकट बदलापूर म्हणतो, पण दस्तात बेलवली, मांजर्ली, सोनिवली, वालिवली अशी मौज्यांची नावं असतात. मौजे चुकलं की शोध रिकामा येतो आणि 'इथे व्यवहारच नाहीत' असा भलताच समज होतो. सर्व्हे नंबर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाच्या पानावर मिळतो. जुन्या इमारतीचा असेल तर विकणाऱ्याच्या करारनाम्यात. वर्ष, जिल्हा ठाणे, तालुका अंबरनाथ, मौजे, नंबर असं भरायचं. हिस्सा, म्हणजे सर्व्हे नंबरचा पोटभाग, घालायचा नाही, कारण एकच जागा कुठे '23/1' तर कुठे '23 हिस्सा 1' अशी नोंदलेली असते. नुसता 23 टाकून यादी चाळावी. यादी आली नाही तर कॅप्चा पुन्हा एकदा भरून बघावा.

यादीतून फक्त करारनामा आणि सेल डीड (विक्रीखत) घ्यायचे. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत, चूक दुरुस्ती, भाडेकरार यांचा विक्रीच्या भावाशी संबंध नाही. एकाच फ्लॅटचा आधी करारनामा आणि नंतर सेल डीड झालेला असतो, तो दोनदा मोजला जाऊ नये. रद्दलेख झालाय का, तेही बघावं.

सूची दोनमध्ये रकाना 2 मोबदल्याचा आणि रकाना 3 बाजारभावाचा. विकत घेणाऱ्याने कबूल केलेली रक्कम म्हणजे मोबदला; बाजारभाव सरकारी, रेडी रेकनर या दरतक्त्यावरून काढलेला. मोबदला बाजारभावाशी अगदी रुपयापर्यंत जुळत असेल, तर तो आकडा सरकारी दर बघूनच लिहिलेला असू शकतो, म्हणून त्या दस्तावर मी माझा हिशेब उभा केला नाही. रकाना 9 मध्ये करार केल्याची तारीख असते, 10 मध्ये नोंदणीची. नोंदणीला चार महिन्यांची मुदत असल्याने भाव 9 व्या रकान्यातल्या तारखेचा धरायचा.

खरी मेख क्षेत्रफळाची. आकडा चौरस मीटरमध्ये असतो, 10.764 ने गुणायचं. समजा 41.80 चौ.मी. कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) आणि मोबदला 30 लाख: साधारण 450 चौ. फूट, म्हणजे फुटाला 6,667 रुपये. त्यात पार्किंगचे 2 लाख धरलेले असतील तर तोच भाव 6,222 वर येतो. म्हणून रकाना 4 मधलं वर्णन शेवटच्या शब्दापर्यंत वाचावं; पार्किंग, टेरेस, बाल्कनी तिथेच लिहिलेली असते. जुन्या दस्तात क्षेत्र बिल्टअप (भिंतींसकट) असतं, रेरा कायद्यानंतरच्या दस्तात कार्पेट, आणि त्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत. ही दोन क्षेत्रं एका रांगेत मांडली की सगळा हिशेब कोसळतो. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर 1 किंवा 5 टक्के जीएसटी वेगळा द्यावा लागतो. रिसेलशी तुलना करताना तो मिळवून बघावा.

नदीकाठी आणखी एक चाळणी लागते. 26 जुलै 2005 ला उल्हासचं पाणी शिरलं होतं. जुलै 2019 मध्ये याच पट्ट्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मधे, महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट यांच्या कुठल्या बाजूला आहे ते नगरपालिकेत विचारावं. इमारतीत गेल्यावर स्टिल्टचे (तळातल्या मोकळ्या पार्किंगचे) खांब आणि मीटरची पेटी बघावी. पेटी डोक्याच्याही वर सरकवलेली असली आणि तिच्या खाली भिंतीवर जुन्या खिळ्यांची भोकं दिसली, तर पाणी कुठवर आलं होतं ते वॉचमनला विचारावं. त्या इमारतीतले पहिल्या मजल्याचे आणि वरच्या मजल्यांचे दस्त मी वेगळे मांडले. एकत्र सरासरी काढली तर ती दोन्हीकडे खोटी ठरते.

गेल्या बारा महिन्यांतले, एकाच मौज्यातले आठ-दहा दस्त मिळाले की पुरे. सरासरीपेक्षा चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्यावा. एजंटशी बोलायला बसताना त्यातल्या तीन दस्तांचे क्रमांक आणि तारखा कागदावर लिहून नेल्या, आणि बोलणी तिथून सुरू केली.