सोरायसिस: मलम, गोळ्या आणि आखडणारी बोटे
मला सोरायसिस हा त्वचेचा आजार आहे. तो संसर्गजन्य नाही, हे मला सलूनमध्ये आजही समजावून सांगावे लागते. निरोगी त्वचेच्या पेशी साधारण २८ दिवसांत बदलतात. या आजारात रोगप्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे तेच काम ३ ते ५ दिवसांत उरकते आणि कोपर, गुडघे, टाळू येथे लालसर चट्ट्यांवर चंदेरी पापुद्रे साचतात. ते नखाने खरवडू नयेत, कारण त्वचेला इजा होते तिथे नवा चट्टा उमटू शकतो. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन लावावे.

औषधांबाबत मात्र मी काटेकोर आहे. मेथोट्रेक्सेटची (रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधाची) गोळी या आजारासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर ते जिवावर बेतू शकते, म्हणून ठरलेला वार मी पाकिटावरच लिहून ठेवतो आणि यकृताची रक्ततपासणी चुकवत नाही. आजार ‘मुळापासून’ घालवण्याची हमी देणाऱ्यांच्या बिननावाच्या पुड्यांत (अशा जाहिराती लोकलच्या डब्यातही दिसतात) स्टेरॉइड असू शकते, आणि ते अचानक थांबवल्यास आजार उसळून येतो. हा आजार सांध्यांवरही परिणाम करू शकतो. म्हणून सकाळी बोटे आखडत असतील, टाच दुखत असेल किंवा नखांवर बारीक खड्डे पडले असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावे. सांध्यांची एकदा झालेली हानी सहसा भरून येत नाही.