खंडेनवमीला आमचाच प्लांट गिऱ्हाईक

सौंदत्तीकडच्या माळावर पवनचक्क्यांच्या सबस्टेशनला मी शिफ्ट बघतो, 20 मशीन, प्रत्येकी 2 मेगावॅट. घर बेळगावात, म्हणून सणाला ड्युटी लागली की बायको बोलणारच. 2023 ची खंडेनवमी, 23 ऑक्टोबर, मीच ड्युटीवर.

आमच्याकडं आयुधपूजा म्हणजे दणक्यात. सकाळीच पोरांनी ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला झेंडूची माळ घातली, कंट्रोल पॅनलला हळदकुंकू, ब्रेकरच्या लिव्हरला पण कुंकू (लावू नका म्हणलं तरी लावलंच), आणि गेटवर कोहळा फोडला. सगळं झालं आणि मी सवयीनं स्क्रीनवर नजर टाकली तर वीसच्या वीस मशीन उभी. वारा दोन मीटर सेकंदाला, आणि तीनच्या आसपास गेल्याशिवाय आमचं मशीन वीज द्यायला लागतच नाही. मीटरवर एक्सपोर्ट शून्य, इम्पोर्ट 86 किलोवॅट. म्हणजे उभ्या मशीनचे हीटर, कंट्रोल, हायड्रॉलिक, आमचे दिवे आणि चहाची शेगडी, हे सगळं ग्रीडच्या विजेवर चाललेलं.

गोकाकचा नवा पोरगा माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "सर, आज आपणच गिऱ्हाईक काय?"

तेवढ्यात कडोलीहून मामाचा फोन. "काय रे, तुझे पंखे झोपले की काय? इथं ऊस वाळूलाय, थ्री फेज सातचे पाच तास केलेत, ते पण मधीच जातंय. निम्म्याहून जास्त वीज वारा, सूर्य आन पाण्याची म्हणून पेपरात वाचलं होतं, खरं माझ्या मोटारीला कुठली येतीय?"

आता मामाला फोनवर काय सांगायचं. पेपरातलं खोटं नव्हतं, पण ते बसवलेल्या क्षमतेचं होतं, रोज तयार होणाऱ्या विजेचं नव्हे. आमच्या पाटीवर 40 मेगावॅट लिहिलंय ते वारा जोरात असतानाचं. मी म्हणलं, "मामा, वारा निम्मा झाला की वीज निम्मी नाही होत, आठवा हिस्सा होतीय, आणि तीनच्या खाली तर शून्यच." मामा म्हणाले, "मग त्या पाटीवर शून्य लिहा की." बोलणं असं की हसावं का गप बसावं कळेना.

खरं तर आमचा सुगीचा काळ पावसाळ्यातला, मे ते सप्टेंबर. जुलैत मशीन फुल्ल चालतात, आणि तेव्हाच धरणात पाणी आलेलं असतं, शेतकऱ्याची मोटार बंद असते, मागणी कमी. मग कधी कधी बेंगळुरूच्या लोड डिस्पॅच सेंटरमधून (राज्यभरच्या विजेचा मेळ घालतात तिथून) फोन येतो, जनरेशन कमी करा. असा राग येतो ना! त्या वर्षी तर ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, सप्टेंबरातच कर्नाटकातले 195 तालुके दुष्काळी जाहीर झाले. धरणातलं पाणी जपून वापरायचं, ऑक्टोबरात वारा पडलेला, आणि पाऊस नाही म्हणून सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू. सोलर दुपारी देतं, संध्याकाळी सातला काय देणार? सरकारनं त्याच महिन्यात वीज कायद्याचं कलम 11 लावलं, राज्यात तयार होणारी वीज बाहेर विकायची नाही. साखर कारखान्यांची बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चिपाडावरची, वीज पण त्यात आली, पण गाळप सुरू व्हायला अजून अवकाश होता, आणि गाळायचा तो ऊस मामाच्या रानात वाळत होता.

दिवसभर खालून यल्लम्माच्या डोंगराकडं जाणाऱ्या गाड्या, "उदे गं आई" ऐकू यायचं. झेंडूची माळ सुकली तरी पाती हललेली नाहीत.

रात्री पावणेनऊला आठ आणि अकरा नंबरचं मशीन हळूहळू फिरायला लागलं. पोरगा ओरडला, "सर, आलं!" एक्सपोर्ट 140 किलोवॅट. लॉगशीटवर लिहिलं, वेळ टाकली, सही केली. मामाचे पाच तास तोवर संपले होते, त्यामुळं फोन केला नाही.